रजेवर आहे

लाँड्रीत नवी बाई कामाला आली की मुकादम पहिल्या दिवशी तिला यंत्राला हात लावू देत नाही. एक ओली चादर तिच्या हातात देते आणि म्हणते, "पीळ." बाई जीव खाऊन पिळते. मग मुकादम तीच चादर घेऊन पुन्हा पिळते आणि फरशीवर अजून ओंजळभर पाणी पडतं. "एवढं राहिलं होतं," इतकंच बोलते. त्यात टोमणा नसतो. पाणी होतं, निघालं, विषय संपला.

दोन मोठ्या रुग्णालयांच्या चादरी, अभ्रे आणि शस्त्रक्रियेचे हिरवे झगे या लाँड्रीत येतात. शिफ्टला तीसेक बायका आणि मोजके पुरुष. मुकादमचं कागदावरचं पद पर्यवेक्षक, पण आधीच्या मुकादमाच्या जागेवर बसली म्हणून त्याचं नावही तिला चिकटलं. बाई असून मुकादम कशी, असं एका ट्रक ड्रायव्हरनं विचारलं होतं. "तुझं गाठोडं उतरवायचंय की माझं नाव बदलायचंय?" असं तिनं विचारल्यावर तो मुकाट गाठोडी उतरवू लागला. लग्न का केलं नाही, हेही लोक विचारायचे. "शिफ्ट जुळली नाही," हे तिचं ठरलेलं उत्तर.

लाँड्रीतलं सगळ्यात वाईट यंत्र म्हणजे रोलर. दोन तापलेले लांब दंडगोल, त्यांच्या मधून ओली चादर जाते आणि पलीकडून कडक होऊन निघते. चादर मध्येच अडकली तर यंत्र बंद करून हातानं ओढावी लागते. पूर्वी बटणाशी उभा असलेला "बंद" म्हणायचा आणि समोरची हात घालायची. पण वाफेच्या आणि पंख्यांच्या आवाजात काय ऐकू येतं? एकदा एकीनं "चालू"ला "बंद" समजून हात घातला आणि दोन बोटांची कातडी रोलरवर ठेवून आली. मुकादम झाल्यावर हिनं पहिला नियम हा केला: बटणवाल्यानं "बंद" म्हणायचं, समोरचीनं तोच शब्द मोठ्यानं परत म्हणायचा, आणि तो ऐकू आला की बटणवाल्यानं हात वर करायचा. मगच चादरीला हात. सुरुवातीला बायका हसल्या. पोपटपंची म्हणाल्या. मुकादमनं हसू दिलं, नियम सोडला नाही. नंतर कुणाचं बोट गेलं नाही.

रोलरवर मुकादमच्या समोर उभी राहायची ती टाचणी. सडपातळ, उभी, आणि बोलली की टोचायची, म्हणून टाचणी. सुतारकाकांची धाकटी. नवऱ्यानं तिला एकदा जवळजवळ मारूनच टाकलं होतं. त्या खटल्यात त्याला मोठी शिक्षा झाली आणि टाचणी वडिलांकडे परत आली. कामाला लागली तेव्हा चादर हातातून निसटायची. वर्षभरात ती चादरीची दोन टोकं अशी झटकायची की चाबूक वाजल्यासारखा आवाज व्हायचा आणि चादर सपाट होऊन रोलरवर उतरायची. मुकादमनं कौतुक फार कमी जणींचं केलं. टाचणीला मात्र ती म्हणाली होती, "माझ्यापेक्षा बरी झटकतेस." टाचणी म्हणाली, "ताई, ते सगळ्यांना दिसतंय. तुम्हाला उशिरा दिसलं."

मुकादमचं या शहरात रक्ताचं कुणी नव्हतं. टाचणीनं एका सुट्टीच्या दिवशी तिला घरी जेवायला नेलं आणि मग तो पायंडाच पडला. सुतारकाका विधुर. घराला लागूनच त्यांची कामाची शेड. त्यांनी मुकादमचे हात पाहिले आणि त्या दिवसापासून तिला थोरली म्हणू लागले. "धाकटीला अक्कल नाही, थोरलीला हौस नाही, माझ्या वाट्याला काय दोन नग आलेत," असं ते येईल त्याला सांगत. मुकादमला खुर्चीवर बसवून घेऊन, ती खुर्ची कुठे करकरते ते ऐकत. असं घर तिला दुसरं नव्हतं.

टाचणीची सायकल चोरीला गेली होती. तिची तक्रार ज्या हवालदाराकडे होती, तो कधी जागेवर सापडायचा नाही. टाचणी कामावरून सुटली की ठाण्यावर जायची आणि हात हलवत परत यायची. लाँड्रीत त्याची थट्टा चालायची. "तुझा हवालदार भेटला का गं?" "भेटला असता तर सायकलवरून नसते आले?"

एके दिवशी दुपारी लाँड्रीच्या गेटवरचा फोन वाजला. बायकांचे मोबाइल कामाच्या वेळी कपाटात असतात, त्यामुळे बाहेरचा निरोप गेटवरच येतो. गेटवर गेटमामा असतात. वय झालेलं, पण निरोप पोचवण्यात एकदम चोख. चहाच्या सुट्टीत ते आत आले.

"टाचणे, ठाण्यातून फोन होता. तो रजेवर आहे म्हणे. तुला सांगायला सांगितलंय."

"कोण रजेवर?"

"मी विचारलं. म्हणाला, त्यांना बरोबर कळेल."

"मग हवालदारच," टाचणी म्हणाली. "चला, आजचा हेलपाटा वाचला."

"फोन करून कळवतात म्हणजे सुधारले की गं," शिवणवाली म्हणाली. ती फाटक्या चादरी शिवायची. सगळ्या हसल्या. मुकादमही हसली.

तुरुंगाच्या कागदांत पॅरोलला रजा म्हणतात. ठाण्यातल्या शिपायाच्या तोंडी दिवसभर तोच शब्द असतो, त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण लाँड्रीत रजा म्हणजे माणूस जागेवर नाही. आज आपल्याला भेटणार नाही. फळ्यावर नाव आणि नावापुढे रजा लिहिलं की त्या माणसाची वाट कुणी पाहत नाही. टाचणीनं दोन दिवस कुणाचीच वाट पाहिली नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, वडिलांच्या शेडपासून हाकेच्या अंतरावर, नवऱ्यानं तिला गाठलं. सुतारकाकांना रंध्याच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. लोकांनी त्याला तिथेच धरला. टाचणी वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी लाँड्री चालू होती. रुग्णालयांना चादरी लागतातच. अंत्यसंस्कार उरकून बायका तशाच कामावर आल्या आणि रोलरसमोरच्या त्या जागेवर कुणी उभं राहीना. मुकादम स्वतः तिथे उभी राहिली. शिफ्टभर एक शब्द बोलली नाही, "बंद" सोडून.

सगळा भाग हादरला होता. शाळेतल्या मुलांनी मेणबत्त्या लावल्या. दुकानदारांनी दुपारीच शटरं ओढून घेतली. कधी टाचणीशी न बोललेले लोकही तिच्या बोलण्याचे किस्से सांगू लागले, त्यातले निम्मे खोटे, पण शोभणारे. संध्याकाळी बायका घोळक्यानं घरी जाऊ लागल्या. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: तो सुटलाच कसा, आणि आम्हाला सांगितलं का नाही?

ठाण्यातून साहेब आले, शेडसमोर जमलेल्या लोकांना म्हणाले, "कळवलं होतं. कामाच्या ठिकाणी फोन केला होता, तशी नोंद आहे."

"काय कळवलं?" सुतारकाकांनी विचारलं.

"तो रजेवर आहे म्हणून."

गर्दीत गेटमामा उभे होते. त्यांच्या तोंडून नुसतं "अरे देवा" निघालं आणि ते जागच्या जागी खाली बसले. लोकांना कळायला थोडा वेळ लागला. मग एक जण ओरडला, "म्हणजे हा म्हातारा..." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मुकादम मध्ये उभी राहिली.

"त्यांनी ऐकलं तेच सांगितलं. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. मी तिथेच होते, मीही हसले. कुणाला काही बोलायचं असेल तर मला बोला."

मुकादमला बोलण्याची कुणाची तयारी नव्हती. तिनं गेटमामांना उठवलं, घरी पोचवलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर यायला लावलं. ते नको म्हणत होते. "गेट कोण बघणार? मी?" असं विचारल्यावर आले.

पण राग कुठेतरी जाणारच होता. शिवणवालीचा भाऊ दुसऱ्या एका गुन्ह्यात तुरुंगात होता. तोही वर्षातून एकदा रजेवर यायचा, आईच्या घराचं छप्पर नीट करायचा, भिंतीला पोचारा द्यायचा आणि ठरल्या दिवशी आपल्या पायानं परत जायचा. या खेपेला तो आल्याचं कळलं आणि कुणीतरी खिडकीवर दगड मारला. काच आईच्या अंथरुणावर पडली. शिवणवाली कामावर आली, सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मुकादम, तो उद्या परत जातोय. मुदतीआधीच. म्हणतो, तुरुंगात निदान दगड येत नाहीत."

मुकादमनं तिच्या हातातली सुई घेतली, दोरा ओवून दिला. त्या दिवशी तिच्या डोक्यात जे बसलं ते मग हललं नाही.

सुतारकाकांनी रंधा बाजूला ठेवला होता. पॅरोल कायमचं बंद करा, या मागणीसाठी ते दारोदार फिरत होते आणि अख्खा भाग त्यांच्या मागे होता. सरकारनं एक समिती नेमली आणि समितीनं शाळेच्या सभागृहात लोकांचं म्हणणं ऐकायचं ठरवलं. काका लाँड्रीच्या गेटवर आले.

"थोरले, आधी तू बोल, मग मी. तुझ्या हाताखाली होती ती. तू बोललीस की वजन पडेल."

"बोलते," मुकादम म्हणाली. पण तिला काय बोलायचं होतं ते काकांना ठाऊक नव्हतं. ते ऐनवेळी कळणं बरं नाही, म्हणून सभेच्या आदल्या दिवशी शिफ्ट संपल्यावर ती शेडवर गेली. काका फलकासाठी पट्टी तासत होते. बऱ्याच दिवसांनी हातात काम होतं.

"काका, मी पॅरोल बंद करा म्हणणार नाहीये."

रंधा थांबला नाही. "मग काय म्हणणार?"

"बाईला आधी कळवा म्हणणार. तिला कळेल अशा शब्दांत. आणि तिला कळलंय हे तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय फाटक उघडू नका म्हणणार. आणि ज्यानं एकदा बायकोवर हात उचललाय त्याला रजा देण्याआधी तिला विचारा, हेही."

"आणि देऊ नका असं का नाही?"

"शिवणवालीचा भाऊ येतो आणि जातो. कुणाला त्रास नाही. त्यानं काय केलंय?"

"माझ्या पोरीनं काय केलं होतं?"

मुकादमनं पायाशी पडलेला लाकडाचा छिलका उचलून बाजूला ठेवला.

"बोल की! तिकडे माईकवर बोलणार आहेस ना? माझी पोर मेली, आणि तू त्या लोकांची वकिली करणार?"

"त्या लोकांची नाही. याला जन्मात बाहेर काढू नका, हे मी सगळ्यात आधी बोलेन."

"मग सगळ्यांनाच ठेवा आत! सोपं आहे."

"सोपं आहे म्हणूनच पटत नाही, काका. उद्या पॅरोल बंद झालं तरी शिक्षा संपल्यावर माणूस सुटणारच. त्या दिवशी पुन्हा कुणीतरी फोन करून काहीतरी पुटपुटणार. चूक तिथे झालीय. ती तशीच राहील."

काकांनी रंधा खाली ठेवला. आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "तू तसं बोललीस तर तुझा माझा संबंध संपला. मला एक मुलगी होती. ती गेली. बस."

मुकादम निघाली. वाटेत तिचे पाय नेहमीसारखेच झपझप पडत होते. रडायचं की नाही, यावर तिनं कोपऱ्यापर्यंत विचार केला आणि मग घरी जाऊन दुसऱ्या दिवशीचे कपडे धुतले. जे चुकीचं वाटतं ते मागायचं आणि वर माया टिकवायची, हे तिला जमणारं काम नव्हतं. पण त्या घराचा विचार मनातून जात नव्हता. काका एकटे जेवत असतील आणि ती तिकडे जाऊ शकणार नाही. एवढी किंमत तिला मोजावी लागणार होती आणि ते तिला पुरेपूर माहीत होतं.

सभागृह खचाखच भरलं होतं. मंचावर समितीचे तिघे: निवृत्त न्यायाधीशबाई, तुरुंगाचे अधिकारी आणि कायदा शिकवणारे एक प्राध्यापक. मुकादमचं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या पडल्या. लोकांना वाटत होतं ही आपल्या बाजूची.

तिनं माईक हातात घेतला नाही, त्याच्यासमोर उभी राहिली. टाचणीच्या नवऱ्याला पुन्हा बाहेर सोडू नका, हे आधी म्हणाली. टाळ्या. मग फोनची गोष्ट सांगितली. रजेचा अर्थ लाँड्रीत काय आणि ठाण्यात काय, ते सांगितलं. आम्ही हसलो, तेही सांगितलं. मग ती रोलरच्या नियमावर आली.

"बोलणाऱ्याचं काम बोलून संपत नाही. समोरचीनं तोच शब्द परत म्हटला की संपतं. तसं करा. सांगा, 'तुझा नवरा तुरुंगातून बाहेर येतोय, अमुक दिवशी, अमुक ठिकाणी राहणार.' आणि तिच्याकडून ते परत ऐका. तोवर फाटक उघडू नका. पण सगळ्यांचं पॅरोल बंद करा असं मी म्हणणार नाही."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागून शिट्टी आली. "बस खाली!" "शिवणवालीनं पढवलंय!" "आमची माणसं मरू देत काय?" कुणीतरी पायानं बाक वाजवला. मुकादम हलली नाही. पंख्यांच्या आवाजात आयुष्य काढलेल्या बाईला असल्या गोंगाटाचं काय? तिनं वाट पाहिली. आवाज जरा बसला.

"तिनं फोनच उचलला नाही तर?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"माणूस पाठवा."

"माणसं कमी आहेत हो," तुरुंगाचे अधिकारी म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, डोळ्यांखाली जागरण दिसत होतं.

"मग रजा पुढे ढकला. माणूस मिळेल तेव्हा द्या."

प्राध्यापक पुढे वाकले. "बाई, मला तुमचं पटतंय. पण एक अडचण आहे. कैद्याची सुटका तिच्या शब्दावर अडणार असेल, तर त्याच्या घरचे तिच्यावर दबाव आणतील. धमकावून तिच्याकडून हो म्हणवून घेतील. तेव्हा काय?"

मुकादमनं विचार केला. सगळ्यांसमोर, घाई न करता. "हे मला सुचलं नव्हतं," ती म्हणाली. "अडचण खरी आहे. उत्तर माझ्याकडे नाही. तुम्ही तिघं शोधा, त्यासाठीच बसलाय."

न्यायाधीशबाई हसल्या आणि बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या. मुकादम खाली येऊन बसली. तिच्या शेजारच्या दोन बायका उठून दुसरीकडे गेल्या. गेटमामा मागून आले आणि त्यातल्या एका रिकाम्या खुर्चीवर बसले.

मग सुतारकाकांना बोलावलं. सभागृह उभं राहिलं. काका मंचावर चढले, त्यांना पायऱ्या जड गेल्या. आपल्या पोरीबद्दल ते दोन वाक्यं बोलले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "मी पॅरोल बंद करा म्हणतो. शेवटपर्यंत म्हणणार."

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांनी हात वर केला, पुरे म्हणून.

"आता आधी जी बोलली ती माझी थोरली. ती बोलली ते मला पटलेलं नाही. पण तिला ओरडून खाली बसवणारे कोण तुम्ही? माझी धाकटी तिच्या हाताखाली उभी राहायला शिकली. साहेब, तिचं म्हणणं पण लिहून घ्या. नीट घ्या. चुकीचं लिहिलं तर ती पुन्हा लिहायला लावेल, सवय आहे तिला."

कुणीतरी हसलं. त्याला आपण हसलो याचीच लाज वाटली आणि मग अजून काही जण हसले. सभागृहाचा ताण थोडा उतरला. मुकादम मान खाली घालून बसली होती. गेटमामांनी तिला रुमाल दिला. तिनं तो आधी उलटसुलट करून पाहिला, धुतलेला आहे का ते, आणि मग डोळ्यांना लावला.

सभा संपल्यावर लोक काकांना घेरून उभे राहिले. मुकादम बाजूनं निघून जात होती. दारापाशी काकांनी तिला गाठलं. धाप लागली होती.

"किती भरभर चालतेस गं! म्हाताऱ्याचा जीव घेशील."

"तुम्ही म्हणालात, संबंध संपला."

"म्हणालो. रागात म्हणालो. पण तू माझं ऐकलंस का? नाहीस ना? मग मी माझं कशाला ऐकू?" त्यांनी श्वास घेतला. "राग गेलेला नाही माझा. सांगून ठेवतो."

"नसू दे गेलेला."

"त्या भावाचं काय ते मला अजून पटलेलं नाही."

"पटवते."

"बघू कोण कुणाला पटवतं ते. उद्या शिफ्ट सुटली की ये. घरात काही केलेलं नसेल, तुलाच करावं लागेल."

"येते," मुकादम म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती गेली. स्वयंपाक केला, वाढलं आणि जेवताना दोघं मोठमोठ्यानं भांडली. शेजारीण कसला आवाज म्हणून डोकावली, पाहिलं आणि हळूच दार ओढून घेऊन परत गेली.